विटेच्या भिंतीत काँक्रीट स्क्रू: पाचातले दोन नुसतेच गरागरा फिरतायत

गुळाचा_खडा (शनिवार, रात्री ११:२०)

मंडळी नमस्कार, थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं पण जमेल असं वाटत नाही.

सहकारनगरला आमचं बैठं घर आहे, आजोबांनी १९६४ ला बांधलेलं, पानशेतच्या पुरात नारायण पेठेतलं बिऱ्हाड वाहून गेलं त्यानंतर. नऊ इंची विटेच्या भिंती, वर गिलावा, त्यावर रंगाचे किती थर ते देवालाच ठाऊक. तर स्वयंपाकघरात आजीची तांब्यापितळेची भांडी मांडायला एक लांब फळी करतोय. फळीखाली भिंतीला सागवानी पट्टी, सात फूट लांब, दोन इंच जाड, तीन इंच उंच. टिंबर मार्केटला जुन्या वाड्यांचं लाकूड मिळतं तिथून आणलीय, रंधा मारल्यावर असला वास सुटला की काय सांगू. पट्टीवर फळी टेकणार आणि पुढून तीन ब्रॅकेट. भांडी काट्यावर ठेवून मोजली, सगळी मिळून ४६ किलो, त्यात बंब एकटाच ११.

यूट्यूबवर एक गोरा आजोबा प्लास्टिकचा फिशर बिशर काही न घालता थेट विटेत स्क्रू पिळतो आणि त्यावर उभा राहून दाखवतो. काँक्रीट स्क्रू म्हणतात त्याला. बोहरी आळीत चार दुकानं फिरलो, चौघांनीही फास्टनर (भोकात फुगून अडकणारा बोल्ट) काढून समोर ठेवला, "हेच न्या, सगळे हेच नेतात." शेवटी ऑनलाइन मागवले, ७.५ बाय १०० मिलिमीटर, टॉर्क्स (चांदणीसारख्या खाचेच्या) डोक्याचे, त्याला ६ चा ड्रिल बिट.

दीड दीड फुटावर पाच भोकं घेतली. पहिला, दुसरा आणि पाचवा स्क्रू मस्त आवळला गेला. तिसरा आणि चौथा शेवटपर्यंत जातात आणि मग नुसतेच फिरत राहतात, हाताने ओढला तर येतो बाहेर, सोबत कोको पावडरसारखी भुकटी. आता काय करू? पट्टी तीन स्क्रूवर लटकलीय आणि आई रोज विचारते भांडी कधी लावायची.

---

खडूस (शनिवार, रात्री ११:४१)

सहकारनगरला सुतार मिळायचे बंद झाले का?

---

रंधा (रविवार, सकाळी ७:०५)

सुतार मिळतात की, मी आहे ना, धायरीला. पण मजुरी सांगितली की लोक यूट्यूब लावतात ;)

खडा भाऊ, आधी हिशोब करा. स्क्रू १००, त्यातले ५० लाकडातच गेले. जुन्या घरात गिलावा वीस मिलिमीटर तरी असतोच. विटेत उरले किती, तीस. आणि गिलावा धरायचा नाही, तो कशालाच धरून ठेवत नाही, तो स्वतःच भिंतीला चिकटून राहिला तर उपकार. असल्या वजनाला विटेत पन्नास तरी पाहिजेत. त्यामुळे तुमचे जे तीन "मस्त" बसलेत ना तेही मस्त नाहीयेत. ७.५ मध्ये १३२ लांबीचा येतो, तो मागवा.

दुसरं म्हणजे लाकडात भोक कितीचं पाडलं? मला खात्री आहे लाकडातून भिंतीत सलग ६ चाच बिट घातला असणार. हे स्क्रू मुळात खिडकीच्या चौकटी बसवायला केलेत, आटे टोकापासून डोक्यापर्यंत. चौकट आहे त्या जागी राहावी, भिंतीकडे ओढली जाऊ नये यासाठीच ते तसं असतं. तुम्हाला उलट पट्टी भिंतीला घट्ट चिकटवायचीय. मग लाकडात ८ चं भोक पाडा म्हणजे आटे लाकडात न अडकता आरपार जातील, डोक्याखाली वॉशर टाका, आणि भिंतीत मात्र ६ चं. नाहीतर लाकूड आणि भिंतीत फट राहते आणि तुम्ही पिळत बसता, आवळतंय आवळतंय म्हणून, आणि तिकडे विटेतले आटे पिठासारखे होतात.

आणि ड्रिलचा हॅमर (फिरताना ठोके मारतो तो) बंद करायचा. काँक्रीटला हॅमर पाहिजे, आपल्या पुण्याकडच्या विटेला कशाला? विटेत हॅमर मारला की ६ चं भोक ७ चं होतं आणि ७.५ च्या स्क्रूला धरायला काही उरत नाही. सावकाश, नुसतं फिरवून, बिट नवा घेऊन.

---

सॅनहोजेकर (रविवार, सकाळी ७:३०)

रंधा यांना +१. आमच्याकडे अमेरिकेत हे निळ्या रंगाचे मिळतात, टॅपकॉन नावाचे. पाव इंची स्क्रूला ३/१६ चा बिट, लाकूड सोडून आत कमीत कमी एक इंच आणि जास्तीत जास्त पावणेदोन, असं डब्यावरच छापलेलं असतं. जास्त खोल घालायला गेलात तर मधेच जॅम होऊन मान मोडते. तुमच्या ७.५ वाल्यांचं माप वेगळं, त्यामुळे ज्या कंपनीचा स्क्रू तिनेच सांगितलेला बिट, अंदाजे "सहाच्या आसपास" नाही. आणि भोक स्क्रूच्या टोकापेक्षा सेंटिमीटरभर जास्त खोल पाहिजे, भुकटीला बसायला जागा लागते.

---

खडूस (रविवार, सकाळी ७:५२)

आला इंचवाला. तिकडे भिंती पुठ्ठ्याच्या असतात असं ऐकून आहे.

---

शनिवारवाला (रविवार, सकाळी ९:१५)

हे सगळं कशाला हो? आमच्या वाड्यात आजतागायत एक स्क्रू नाही. छिन्नीने चौकोनी भोक पाडायचं, सागाची गुल्ली चुन्यात बुडवून ठोकायची आणि त्यात खिळा. माझ्या पणज्याने ठोकलेल्या खुंटीवर अजून छत्री लटकते.

---

रंधा (रविवार, सकाळी ९:४०)

शनिवारवाला काका, छत्री ११ किलोची नसते. आणि वाड्याची वीट वेगळी, पातळ, बोटभर वीट आणि बोटभर चुना. तिथे मीसुद्धा काँक्रीट स्क्रू वापरणार नाही, कुठेही भोक मारा निम्म्या वेळा सांध्यातच जातं. वाडे बांधतानाच भिंतीत लाकडं घालायचे, खिळा ठोकायचा तर त्या लाकडात ठोकावा. गुल्ली वाईट असं मी म्हणत नाहीये, पण आत्ताचं लाकूड नीट वाळलेलं नसतं, ठोकल्यावर सुकतं आणि वर्षभरात ढिली होते.

---

वाकडकर_सध्या (रविवार, सकाळी १०:०२)

धाग्यात घुसतोय, सॉरी. माझा नवीन फ्लॅट आहे, तिथे हेच स्क्रू चालतील का? बिल्डर म्हणाला ब्लॉकची भिंत आहे. मी एक भोक मारलं तर लोण्यात सुरी गेल्यासारखा बिट गेला आणि पांढरं पीठ आलं.

---

रंधा (रविवार, सकाळी १०:१०)

ते सिपोरेक्स. (अवांतर: मूळ सिपोरेक्स ही कंपनीची वस्तू, शिर्क्यांचा कारखाना आपल्या मुंढव्यालाच, आता कुठल्याही पांढऱ्या हलक्या ब्लॉकला सगळे सिपोरेक्सच म्हणतात.) त्यात हे नका घालू. आतून फुगवलेलं असतं ते, बुडबुडेच बुडबुडे, आटे धरत नाहीत. त्यासाठी लांब, रुंद पंखांचे वेगळे प्लग येतात, आणि टीव्ही वगैरे लावायचा असेल तर वेगळा धागा काढा.

---

नऊइंची (रविवार, सकाळी ११:२५)

लांबी, बिट, हॅमर याबद्दल रंधा यांनी लिहिलंय ते सगळं बरोबर आहे, पण मूळ प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. पाचही भोकं एकाच माणसाने, एकाच मशीनने, एकाच बिटने पाडली. चुका असतील तर पाचही ठिकाणी सारख्याच. मग तीन बसतात आणि दोनच का फिरतात? आणि ते दोन शेजारी शेजारीच कसे?

गुळाचा खडा, तुम्ही भुकटीचा रंग लिहिलात ते फार बरं केलंत. मी ३१ वर्षं साइटवर काढली, भिंत दिसत नाही तेव्हा भुकटीच बघायची असते. आधी गिलाव्याची करडी येते, मग नीट भाजलेल्या विटेची लाल, विटकरी. मधेच परत करडी, रेताड आली तर समजायचं बिट सिमेंटच्या सांध्यात शिरला. करडी आणि बिट पुढेच जात नाही, मशीन गरम होतंय, तर ते काँक्रीट, बीम नाहीतर लिंटेल (दाराखिडकीवरची आडवी तुळई), आणि कर्रकन् आवाज आला तर गज लागला, तिथे थांबून जागा बदलायची, गजाशी भांडायचं नाही. आणि कोको पावडर? ती माती.

१९६४ च्या घराच्या नऊ इंची भिंतीत माती कोणी वापरली असेल असं वाटत नाही. तुम्ही एवढं करा. पट्टीच्या उंचीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाच्या पेरांनी ठोकत जा आणि आवाज कुठे बदलतो तिथे पेन्सिलने रेघ मारा. मग दोन रेघांच्या मधे एक लांब बिट लावून सावकाश भोक घ्या आणि किती इंच घन लागतंय ते बघा. त्याआधी खाली वर स्विचबोर्ड कुठे आहेत तेही बघा. मूळचं वायरिंग लाकडी पट्टीवरचं असेल पण नंतर कोणी भिंतीत गाडलं असेल तर वायर बहुतेक बोर्डाच्या सरळ वर जाते.

---

मी_फक्त_वाचते (रविवार, सकाळी ११:५०)

नऊइंची काकू/काका, तुम्ही आमच्या सोसायटीची गळती बघायला याल का? गंमत नाही, खरंच विचारतेय.

---

नऊइंची (रविवार, दुपारी १२:०५)

काकू. आणि गुडघे दुखतात, गच्चीवर चढत नाही आता.

---

गुळाचा_खडा (रविवार, संध्याकाळी ६:४८)

काकू, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

ठोकत गेलो. डावीकडून पावणेतीन फुटांपर्यंत आवाज ठक ठक, मग तीन फूट ढब ढब, मग परत ठक ठक. तिसरा आणि चौथा स्क्रू बरोबर ढबढबमध्ये. मी म्हटलं वा, आणि वायफायची वायर नेताना आणलेला फूटभर लांबीचा बिट लावला. आधी गिलावा, मग वीट, मग कोको, मग वीट, आणि पाच साडेपाच इंच झाले असतील नसतील तोच मशीन एकदम पुढे गेलं आणि पलीकडून आईची किंकाळी. भिंत नऊ इंची ना, पलीकडे बिट निघेल असं मनातसुद्धा नव्हतं. पलीकडे आमची कोठीची खोली. तिथे भिंतीत एक खोबण आहे, त्यात लोणच्याच्या बरण्या असतात. बिट बरोबर दोन बरण्यांच्या मधून आला, बरण्या वाचल्या, पण कैरीच्या लोणच्यावरचा दादरा गिलाव्याने पांढराफटक झाला.

आता गंमत ऐका. मी ४३ वर्षांचा आहे. जन्मल्यापासून त्या खोबणीतून बरण्या काढतोय आणि आजवर एकदाही मनात आलं नाही की भिंतीत ही खोबण कशाला आहे. बाबांना विचारलं तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "खिडकी होती ती. कोठीची खोली काढली तेव्हा बुजवली." मी म्हटलं मग सांगायचं ना! तर म्हणाले, "तू विचारलंस कधी?"

तर खिडकी साडेचार इंची विटेने बुजवलीय, स्वयंपाकघराच्या बाजूने सपाट, कोठीच्या बाजूने उरलेली जागा म्हणजे आमची खोबण. आणि खोबणीत एका कोपऱ्यात गिलावा उचकटून बघितला तर विटांचे अर्धे तुकडे आणि मधे चक्क माती. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, जेवढं होतं ते स्लॅबला गेलं.

---

खडूस (रविवार, संध्याकाळी ७:०१)

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). बाबा आवडले.

---

रंधा (रविवार, रात्री ८:३०)

मानलं काकू.

खडा भाऊ, मग त्या दोन जागी केमिकल भरा. भोक साफ करायचं, जाळीची नळी घालायची, गनने रेझिन भरायचं आणि त्यात रॉड. पोकळ विटेत पण धरतं ते.

---

नऊइंची (रविवार, रात्री ९:१०)

केमिकल रॉडला विटेत धरेल. विटेला कोण धरणार? मातीत बसवलेला अर्धा तुकडा आहे तो. रॉड, रेझिन आणि वीट असे तिघे हातात हात घालून बाहेर येतील.

वजन भिंतीवर कसं येतं ते बघा. नुसतं खाली ओढणारं वजन असतं तर स्क्रू आडवा असल्यामुळे ते फारसं अवघड नाही. पण फळी दहा इंच पुढे आलीय, बंब पुढच्या काठाजवळ ठेवला की फळी पुढे झुकायला बघणार आणि पट्टी, ब्रॅकेट दोघांचा वरचा भाग भिंतीतून उपटायला बघणार. हा उपटणारा जोर मातीच्या सांध्याला अजिबात झेपत नाही.

पण तुमचं नशीब असं की तुम्हाला भिंतीची मागची बाजू मिळालीय. ती कोणाला मिळत नसते. त्या दोन जागी आरपार जा. ८ मिलिमीटरचा आटे पाडलेला रॉड, इकडे पट्टीवर वॉशर आणि नट, तिकडे खोबणीत एक लोखंडी पट्टी, चाळीस मिलिमीटर रुंद, पाच जाड, अडीच फूट लांब, दोन्ही रॉड तिच्यातून काढा. म्हणजे ओढ एका विटेवर न येता सगळ्या बुजवलेल्या भागावर पसरेल. लोखंडी पट्टीला गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साइड मारा, लोणच्याचं मीठ आहे तिथे. मधलं ब्रॅकेटही असंच आरपार. नट आवळताना मात्र हात आखडता, मातीची भिंत आहे, दाबाल तितकी दबेल.

बाकीच्या तीन जागा मूळ भिंतीत, तिथे रंधा सांगतात तो १३२ चा स्क्रू. पण त्याच भोकात नको. एकदा आटे पडून स्क्रू काढला की परत घालताना जुन्याच आट्यात बसेल याची खात्री नाही, नवे आटे पडले की पकड गेली. सगळी पट्टीच दोन इंच डावीकडे सरकवा, लाकडातली भोकं तीच राहतील, भिंतीतली नवी मिळतील. आणि आधी पट्टीच्या आड लपेल अशा जागी बारीक भोक पाडून सांधा कुठे आहे ते बघून घ्या. स्क्रू विटेच्या पोटात पाहिजे, कडेला नाही, सांध्यात तर नाहीच.

---

गुळाचा_खडा (पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार, दुपारी ४:१५)

धागा वर काढतोय. उशीर झाला कारण १३२ चे स्क्रू यायला आठवडा, मग एका गुरुवारी सुट्टी काढली तर दिवसभर लाइट नाही, पुण्यात दुरुस्तीसाठी वीज गुरुवारीच जाते हे विसरलोच होतो.

केलं ते लिहितो. लाकडातली भोकं ८ ची केली. पट्टी दोन इंच सरकवली आणि काकूंच्या सांगण्यावरून सांधा शोधला तर माझी पट्टी बरोबर सांध्याच्या रेषेवर! म्हणजे पहिल्या वेळी मस्त वाटलेले तीन स्क्रू निम्मे सांध्यात होते. पट्टी दीड इंच वर घेतली. हॅमर बंद, नवा बिट, आणि रंधा दादा, फरक भोक बघूनच कळतो, आधीचं भोक फुलल्यासारखं होतं, आता कसं पेन्सिलने काढल्यासारखं. सायकलच्या पंपाने भुकटी उडवली, सगळी तोंडावर आली, चष्मा लावा रे बाबांनो. स्क्रू मशीनने तीन चतुर्थांश आणि शेवटचे फेरे हाताने. हाताने पिळताना एक क्षण येतो, लाकूड भिंतीला टेकतं आणि स्क्रू एकदम जड होतो, तिथेच थांबलो. मशीनने हा क्षण कळलाच नसता, ते पुढे गेलं असतं.

आरपारचे रॉड मात्र डोकेदुखी. मातीच्या भागातून सरळ भोक जाईना, बिट अर्ध्या विटेच्या कडेवरून घसरून तिरका जायचा. एक रॉड पलीकडे पाऊण इंच खाली निघाला. मग लोखंडी पट्टीतलं ते भोक कानशीने लांबट केलं. जुनी भोकं गिलाव्याने बुजवली.

चाचणी म्हणून आधी तांदळाचं २५ किलोचं पोतं मधोमध एक रात्र, मग दोन पोती दोन रात्री. पट्टी आणि भिंतीच्या मधे कागदाची चिठ्ठी सरकवून बघितली, कुठेच आत जात नाही. मग पुढच्या काठाला मी स्वतः लोंबकळलो, ७२ किलो. ब्रॅकेटचा एक आवाज आला, हलली नाही. (बायकोने व्हिडिओ काढलाय, इथे टाकणार नाही.)

---

रंधा (रविवार, दुपारी ४:४०)

एक नंबर. पहिल्या पावसाळ्यानंतर नट एकदा बघा, लाकूड फुगून परत आकसतं, वीतभर पाना घेऊन पाव फेरा लागेल. आणि सुतारकाम सोडून नोकरीच करा, आमचं पोट आहे.

---

मी_फक्त_वाचते (रविवार, दुपारी ५:०२)

लोणच्याचं काय झालं ते कोणी विचारतच नाहीये.

---

गुळाचा_खडा (रविवार, संध्याकाळी ६:१०)

लोणचं उत्तम. पण नट पाऊण इंच बाहेर आल्यामुळे बरण्या आता आत टेकत नाहीत, दोन बोटं पुढे राहतात, म्हणून आईने फर्मान काढलंय की खोबणीला पुढून एक फळी वाढवून दे. तिथे स्क्रू कुठे मारू, काकू?

---

नऊइंची (रविवार, संध्याकाळी ६:३२)

कुठेही नको. जास्तीचा रॉड करवतीने काप.

---

खडूस (रविवार, संध्याकाळी ६:४०)

भांड्यांचा फोटो टाका आता.

---

गुळाचा_खडा (रविवार, संध्याकाळी ७:२५)

घासायला काढलीयत. बंब आणि दोन हंडे झाले, चिंच संपली.